टेबलावरचे मारोतराव

मारोतराव काळबांडे गेले त्याला आता महिना होईल. त्यांच्या शोकसभेत आमच्या क्रीडा मंडळाचे सचिव भैयासाहेब उभे राहून म्हणाले, "सुखदेव कुमरेसारखा खेळाडू या मैदानानं राज्याला दिला. मारोतरावांनी आणि मी, आम्ही दोघांनी मिळून त्याला घडवला."

हे वाक्य ऐकलं त्याच दिवशी घरी येऊन मी वही उघडली. तेव्हापासून रोज थोडं थोडं लिहितो आहे. मला भराभर लिहिता येत नाही. आणि मारोतरावांबद्दल कोणी घाईघाईनं लिहिलेलं त्यांना चाललंही नसतं. गिरणी चालू होती तेव्हा ते तिथं हजेरी लिहायचे. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे बरोबर लिहिणं म्हणजे माणसाला न्याय देणं, अशी त्यांची समजूत होती. ती गिरणीबरोबर बंद पडली नाही. त्यांनी ती मैदानावर आणली.

पुलगावच्या आमच्या मैदानावर बास्केटबॉलच्या सामन्यात टेबलामागे दोन खुर्च्या असायच्या. उजवीकडच्या खुर्चीवर मारोतराव गुण लिहायचे. डावीकडे मी घड्याळ सांभाळायचो. मी कॉलेजातला ग्रंथपाल. खेळातलं मला काही येत नव्हतं, पण शांत बसता येत होतं. तेवढ्यावर मारोतरावांनी मला निवडलं. "तुम्ही ओरडत नाई," ते म्हणाले होते, "बस्, झालं तुमचं सिलेक्शन."

ते स्वतः जेमतेम पाच फूट. खुर्चीवर गोणपाटाची घडी टाकून बसत, तेव्हा त्यांना टेबलावरून मैदान नीट दिसे. खिशात दोन पेनं, निळं आणि लाल. समोर गुणपत्रक. आणि डाव्या हाताशी एक पितळी पोंगा. जुन्या ट्रकचा, रबरी फुगा दाबून वाजवायचा. भंगारवाल्याकडून तो त्यांनी स्वतः विकत घेतला होता आणि दर दसऱ्याला त्याची पूजा करायचे. बदली खेळाडू आत जाणार असला, कोणी वेळ मागितला, की मारोतराव तो दाबत. आवाज असा निघे, की शेजारच्या गल्लीतल्या म्हशी मान वर करत.

ते गोड माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण शोकसभेत सगळे त्यांना प्रेमळ म्हणाले. मारोतराव डूख धरायचे, आणि तो नीट जपायचे. मैदानाबाहेरच्या चहावाल्या गजाननच्या हातून एकदा गुणपत्रकावर चहा सांडला. माफी मागायची सोडून गजानन हसला. त्यानंतर अकरा वर्षं मारोतराव रोज संध्याकाळी गजाननच्याच बाकावर बसून समोरच्या टपरीवरचा चहा मागवून प्यायचे. गजानन कळवळून म्हणायचा, "काका, आता तरी सोडा ना!" मारोतराव फुंकर मारत म्हणायचे, "तुह्या चहा चांगला हाय रे. बाक त्याहून चांगला हाय."

मी एकदा विचारलं, एवढं कशाला लक्षात ठेवता? त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सर, तुम्ही पुस्तकं सांभाळता. कोणी पान फाडलं तर तुम्ही विसरता का?"

मी विसरत नव्हतो.

त्यांच्या सगळ्या रागांत भैयासाहेबांवरचा राग मोठा होता, पण तो आधीपासूनचा नव्हता. भैयासाहेब म्हणजे जुन्या मालदार शेतकरी घराण्यातला माणूस. मंडळाचे सचिव तेच, संघाचे प्रशिक्षकही तेच, आणि संघातला सेंटर म्हणजे त्यांचा पुतण्या विक्की. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा, संघातला सर्वांत धिप्पाड खेळाडू. विक्की धिप्पाड नव्हता. त्याच्याकडे चांगले बूट होते.

मग सुखदेव आला. आर्वीच्या वरच्या अंगाला जंगलाला लागून असलेल्या गावातला गोंडाचा मुलगा. पुलगावात वसतिगृहात राहून आयटीआय करत होता. उंची साडेसहा फुटांना दोन बोटं कमी. दारातून येताना मान वाकवायची सवय इतकी, की मोकळ्या मैदानातही तो मान वाकवूनच चाले. पहिल्या दिवशी सरावात त्यानं बोर्डावर आपटून परत आलेला चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून अलगद उचलला, आणि ज्यानं मारला होता त्यालाच परत दिला. "घ्या," म्हणाला.

मारोतरावांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "सर," ते मला हळूच म्हणाले, "हे पोट्टं शिकलं ना, तर आपल्याले बास्केट वर लावा लागन."

सुखदेव शिकला. पहाटे एकटा यायचा, कॉलेजच्या मुलांचं पाहिलेलं आठवून पाय कसे टाकायचे ते शिकायचा. पण सामन्यात तो बाकावर. भैयासाहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "कच्चा हाय अजून. टाइम हाय त्याले." मैदानाच्या भिंतीवर बसून सामने पाहणारी तीसचाळीस माणसं होती, त्यांना हे उत्तर पटत नव्हतं. विक्कीच्या हातून चेंडू निसटला, की भिंतीवरून आरडाओरडा सुरू व्हायचा, "कुमरेले घाला! ओ भैयासाहेब, झाडाले पाणी टाकून राह्यले का नुसतं?" वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या कल्पनाताई तर पदर खोचून उभ्या राहत. "चौदा पोळ्या खाते माह्या पोट्टा! बाकावर बसाले कोणी चौदा पोळ्या खाते का?"

सगळा मोसम संपला. शेवटच्या सामन्यानंतर मारोतरावांनी सगळी गुणपत्रकं पसरून माझ्याकडून वेळ ताडून घेतली. सुखदेव पूर्ण मोसमात सहा मिनिटं खेळला होता. तीही, सामना हातातून गेल्यावर किंवा जिंकून झाल्यावर.

"सहा," मारोतराव म्हणाले. लिहिलं नाही. नुसतं म्हणाले.

तरीही तोवर त्यांनी डूख धरला नव्हता. तो धरला पुढच्या मोसमाच्या तयारीच्या वेळी. सराव संपला होता, सगळे घाम पुसत बसले होते. भिंतीवरून कोणीतरी पुन्हा सुखदेवचं नाव घेतलं. भैयासाहेब वैतागून मोठ्यानं म्हणाले, "उंच उंच काय लावलं रे! जंगलातून आणलं म्हणून काय सगळं सागवानच असते? जळतनही असते त्याच्यात."

सगळे हसले. विक्की सगळ्यांत जास्त. आणि सुखदेवही हसला, मान वाकवून.

त्या संध्याकाळी गजाननच्या बाकावर मारोतरावांचा चहा निवून गेला. ते म्हणाले, "भैया बोलला त्याचं काही नाई. मोठ्या घरचं तोंड हाय. पण पोट्टा हसला, सर. थो काऊन हसला?" त्यांनी कप बाजूला सारला. "त्याले हसा लागलं," ते म्हणाले. "हे मी सोडणार नाई."

इथं आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. दर मोसमाआधी सभा होते, आणि तीत खेळाचे नियम वाचून मंजूर करायचे असतात. इंग्रजी नियमपुस्तकाचं मराठी मी केलं होतं, आणि मारोतरावांनी आपल्या वळणदार अक्षरात त्याची प्रत उतरवली होती. चाळीस पानं. दर वर्षी मारोतराव उभे राहून पहिलं पान उघडत, आणि दर वर्षी भैयासाहेब हात वर करून म्हणत, "वाचलं असं समजू. समोसे थंड होऊन राह्यले." टाळ्या पडत. भैयासाहेब खाली सही करत, आणि मारोतराव वही मिटत. सतरा वर्षं ते नियम न वाचता मंजूर होत होते.

त्या वर्षीही तसंच झालं. फक्त त्या वर्षी मारोतरावांनी सही नीट तपासून पाहिली, फुंकर मारून शाई वाळवली आणि समोसा खाल्ला. एरवी ते समोसा खात नसत.

त्या मोसमात आम्ही फायनलला पोचलो, तेव्हा एका रविवारी ते मला घेऊन वसतिगृहात गेले. सुखदेव कपडे वाळत घालत होता. मारोतरावांनी त्याला ओट्यावर बसवलं, म्हणजे दोघांची तोंडं सारख्या उंचीवर आली, आणि वहीतलं एक पान उघडून दिलं. बदलीचा नियम होता. खेळाडू बदलायचा असेल तर मागणी प्रशिक्षकानं करायची नसते. बदली खेळाडूनं स्वतः टेबलापाशी येऊन ती करायची. खेळ थांबला की टेबलावरून इशारा होतो आणि तो आत जातो.

सुखदेवनं दोनदा वाचलं. "म्हणजे भैयासाहेबाईनं म्हटलं नाई तरी?"

"कागदावर भैयाचं नावच नाई. पाय कोणाचे? तुह्ये."

"काढून टाकतीन मले टीममधून."

"टाकतीन," मारोतराव म्हणाले. त्यांनी त्याला खोटा धीर दिला नाही, हे मला तेव्हा फार आवडलं. "आता तरी टीममधी कुठी हायेस बे तू? फायनलले राज्याच्या टीमचे निवडणारे दोघं येऊन राह्यले. बाकावरच्याले कोणी निवडत नाई. जूनमधी तुह्यं आयटीआय संपते, मग तू जाशीन गावाले. तुले यायचं असन तर येजो. पोंगा मी वाजवीन. नाई आला तर मी काही म्हणणार नाई."

परतताना मी विचारलं, हे तुम्ही मुलासाठी करताय की भैयासाहेबांवर उट्टं काढायला?

"दोन्हीसाठी. काऊन? एकाच पोंग्यात दोन कामं झाले तर फुगा जास्त दाबा लागते का?"

फायनल वर्ध्याला होती, पण टेबल आमचंच होतं. जिल्ह्यात मारोतरावांइतकं स्वच्छ गुणपत्रक दुसरं कोणी लिहीत नसे. भिंतीवरची मंडळी दोन टेम्पो करून आली होती. मंडपात निवडणारे दोघे जण शांत बसले होते, मांडीवर कागद. समोरच्या संघाचा सेंटर दांडगा होता. विक्की त्याच्यापुढे हेलपाटत होता. तिसरा डाव संपला तेव्हा आम्ही नऊ गुणांनी मागे होतो आणि कल्पनाताईंचा आवाज बसला होता.

सुखदेव बाकाच्या टोकाला होता. मी पाहिलं, तो उठला. पुन्हा बसला. थोड्या वेळानं पुन्हा उठला आणि बुटाची लेस बांधल्यासारखं करून परत बसला. मारोतराव त्याच्याकडे अजिबात पाहत नव्हते. ते गुण लिहीत होते. फक्त त्यांचा डावा हात पोंग्यावर होता आणि बोटांची नखं पांढरी पडली होती.

सात मिनिटं उरली असताना टेबलावर सावली पडली.

"चौदा नंबर," सुखदेव म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "नऊच्या जागी."

"मोठ्यानं," मारोतराव मान वर न करता म्हणाले.

"चौदा नंबर! नऊच्या जागी!"

चेंडू बाहेर गेला. पंचाची शिट्टी झाली, मी घड्याळ थांबवलं, आणि मारोतरावांनी पोंगा दाबला. आयुष्यात इतका लांब वाजवला नसेल. पंच नागपूरचे होते. त्यांनी बोटांनी चौदा दाखवले, नऊ दाखवले आणि हातानं आत बोलावलं. त्यांच्या दृष्टीनं ही रोजची गोष्ट होती. विक्कीला वाटलं काकांनीच काढलं. त्यानं टॉवेल आपटला, बूट काढले आणि अनवाणीच मंडपामागे निघून गेला.

भैयासाहेब टेबलावर धावून आले. "मारोतराव, हे काय चालवलं तुम्ही? मी कोणाले बदली सांगितली नाई!"

"तुम्ही सांगाची गरज नाई. नियम हाय."

"कोणता नियम?"

मारोतरावांनी निळं पेन खाली ठेवलं. मोसमभर, मला वाटतं, ते या प्रश्नाचीच वाट पाहत होते. "तुम्ही वाचला असं समजलेला," ते म्हणाले. "सही हाय तुमची. वही पिशवीत आणली हाय, दाखवू का?"

"काढा त्याले बाहेर!"

"काढतो ना. विक्कीले पाठवा. त्यानं सोता येऊन मागा लागते." मग मंडपामागे नजर टाकून, "बूट घालून," असं त्यांनी जोडलं.

सुखदेवनं आत गेल्यावर पहिला चेंडू हातातून सोडला. दुसऱ्याच मिनिटाला फाउल केला आणि ज्याला धक्का लागला त्याला हात देऊन उठवत "लागलं का, दादा?" म्हणाला. भैयासाहेब मोठ्यानं हसले. माझ्या हातातलं घड्याळ ओलं झालं होतं.

मग एक चेंडू बोर्डावरून उडाला आणि सुखदेवनं तो वरच्या वर घेतला. या वेळी कोणाला परत दिला नाही. तिथूनच बास्केटमध्ये टाकला. पुढच्या वेळी समोरच्या दांडग्या सेंटरनं मारलेला चेंडू त्यानं हवेतच थोपवला. तो आवाज मला अजून आठवतो, भाकरी थापताना येतो तसा. आणि पहिल्यांदाच मी त्याला मान ताठ करून चालताना पाहिलं. संघातली बाकीची मुलं त्याला चेंडू देऊ लागली. तीही किती दिवस वाट पाहत होती, हे मला तेव्हा कळलं. भैयासाहेब सूचना देत राहिले, पण त्यांच्याकडे कोणी वळूनही बघेना.

आम्ही तीन गुणांनी जिंकलो. निवडणाऱ्यांपैकी एक जण टेबलापाशी आला आणि त्यानं चौदा नंबरचं पूर्ण नाव विचारलं. मारोतरावांनी ते कागदावर लिहून दिलं. लाल पेनानं.

चषक भैयासाहेबांनाच उचलावा लागला. फोटोत ते हसताहेत. मारोतरावांनी त्या फोटोची प्रत मागून घेतली आणि घरी आरशाशेजारी लावली. पाहुण्यांना दाखवत, "पाहा, कसं हसा लागलं."

याची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. पुढच्या सभेत ठराव आला, मारोतरावांचं वय पाहता त्यांना टेबलाच्या कामातून विश्रांती द्यावी. भैयासाहेब म्हणाले, "वाचलं असं समजू." मारोतराव उभे राहिले. "नाई. वाचा." सचिवांना आपलाच ठराव उभं राहून, त्यातल्या 'प्रदीर्घ' आणि 'निःस्वार्थ' या शब्दांसकट, शेवटपर्यंत वाचावा लागला. मग मारोतरावांनी गोणपाट आणि पोंगा पिशवीत घातला. "हा माह्या हाय," म्हणाले, आणि गेले.

मी खुर्ची सोडली नाही. सोडायला हवी होती, असं अजून वाटतं. मारोतरावांनीच मला दटावलं होतं, "घड्याळ भैयाच्या माणसाच्या हाती जाईन. बसा तिथीच." त्यानंतर ते भिंतीवर बसू लागले, कल्पनाताईंच्या शेजारी. मंडळानं विजेचा भोंगा आणला. लाइट गेली की तो गप्प होई, आणि मग भिंतीवरून पितळी पोंगा वाजे. पंच त्याच्यावर खेळ थांबवत. भैयासाहेबांना ते ऐकून घ्यावं लागे.

सुखदेव राज्याकडून खेळला. त्या प्रमाणपत्रावर पोलिसात लागला. मारोतरावांना सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तो गणवेशातच आला. मारोतरावांनी त्याला सलाइनच्या स्टँडशेजारी उभं केलं आणि नर्सला म्हणाले, "पाहा, बाई, कोण उंच हाय?"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोन दिवसांनी. त्या दुपारी भैयासाहेब भेटायला आले. सफरचंदं आणली होती. मारोतरावांनी त्यांना दारात पाहताच भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. भैयासाहेब खुर्चीवर बसले, घसा खाकरला, मोबाइल पाहिला, माझ्याशी उन्हाळ्याबद्दल बोलले आणि उठले. पावलं जिन्यापर्यंत पोचल्यावर एक डोळा उघडला.

"गेला?"

"गेले."

"किती वेळ होता?"

सवयीनं माझं लक्ष घड्याळाकडे होतंच. "चार मिनिटं."

"पोट्ट्याले सहा देल्ले होते त्यानं," मारोतराव म्हणाले. "मले चारच?" ते हसले, खोकले, आणि उशाखालून पिशवी ओढून माझ्या हातात दिली. तीत पोंगा होता. "हे तुमच्यापाशी असू द्या. पाहून घेजा."

सफरचंदं त्यांनी शेजारच्या खाटेवर देऊन टाकली.

शोकसभा मैदानावरच झाली, चैत्रातल्या उन्हात, संध्याकाळचे पाच वाजले असतील. टेबलावर मारोतरावांचा फोटो होता आणि मी माझ्या खुर्चीवर. आमच्या मैदानावर श्रद्धांजलीची वेळ टेबलानं मोजायची आणि इशारा टेबलानंच द्यायचा, ही जुनी पद्धत आहे. त्या दिवशी लाइट गेली होती. मी पिशवीतून पोंगा काढून फोटोसमोर ठेवला. आम्ही दोघांनी मिळून घडवला, ते वाक्य बोलून झाल्यावर भैयासाहेब म्हणाले, "आता दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली." आणि मान खाली घालून समोर उभे राहिले.

मी घड्याळ चालू केलं.

दोन मिनिटं झाली. मी काही केलं नाही. तिसऱ्या मिनिटाला भैयासाहेबांनी एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर घेतला. चौथ्या मिनिटाला कोणीतरी खोकलं. कल्पनाताईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. सगळ्यांच्या मागे सुखदेव उभा होता. त्याचं डोकं सगळ्यांच्या वर होतं आणि तो सरळ माझ्याकडे पाहत होता. त्यानं मान वाकवली नव्हती. पाचव्या मिनिटाला भैयासाहेबांच्या मानेवरून घाम सदऱ्यात उतरू लागला. त्यांनी अर्धवट डोळे उघडले, पण पहिल्यांदा आपण बसायचं हे त्यांना जमेना. सबंध गाव पाहत होतं.

सहा मिनिटं पूर्ण झाली तेव्हा मी पोंगा दाबला. गल्लीतल्या म्हशींनी माना वर केल्या असतील.

भैयासाहेब खुर्चीत कोसळल्यासारखे बसले. मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "सर, घड्याळ बंद पडलं का तुमचं?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर चालू आहे."